सरसेनापतीची हकालपट्टी

प्रज्वल सुरवसेला घराबाहेर काढण्यात आलं, तेव्हा तो घरातच होता. गुरुवार असल्यामुळे कंपनीला सुट्टी होती, दुपारचं जेवण अंगावर आलं होतं आणि पलंगावर आडवं पडून त्याने लॅपटॉप पोटावर घेतला होता. काळ्या पडद्यावर लाल अक्षरांत एक इंग्रजी वाक्य उमटलं. त्याचा अर्थ सरळ होता : ‘तुला घराबाहेर काढलं आहे. जाताना चपला घेऊन जा.’

"करिष्मा!" तो ओरडला, "माझं खातं बंद केलं गं!"

करिष्मा हातातली कणीक तशीच घेऊन बाहेर धावली. "कुठल्या बँकेतलं?"

"बँकेतलं नाही. गेममधलं!"

"जीव गेला ना माझा! असं ओरडतेत का?" असं म्हणून ती परत आत गेली. नवऱ्यावर कोसळलेल्या संकटाची तिच्या लेखी तेवढीच किंमत होती.

पण संकट साधं नव्हतं. हा खेळ होता किल्ल्यांचा, तलवारींचा आणि आग ओकणाऱ्या ड्रॅगनचा. ज्या परदेशी कंपनीने तो काढला, ती दर महिन्याला वर्गणी घेते. आता वर्गणी म्हटलं की प्रज्वल गणपतीच्या पोरांनासुद्धा दार अर्धंच उघडतो. पण जगात दयाळू माणसं असतात. त्यांच्यातलं कुणीतरी त्या खेळाची नक्कल आपल्या कॉम्प्युटरवर चढवतं, दार सताड उघडं ठेवतं आणि मग जगभरातले फुकटे तिथे येऊन खेळतात. याला खाजगी सर्व्हर म्हणतात. कायद्यात हे बसतं का, असं कुणी विचारत नाही. बिनबोलावता पंगतीत बसलेल्या माणसाने आचाऱ्याकडे चौकशा करू नयेत, हे प्रज्वललाही कळत होतं.

त्याच्या सर्व्हरचा मालक ‘ब्लॅकवुल्फ’ या नावाने वावरायचा. तो रुमानियातल्या कुठल्याशा डोंगरात राहतो आणि त्याला छातीपर्यंत दाढी आहे, यावर सगळ्यांचं एकमत होतं. माणूस भारी विक्षिप्त. ‘भांडायचं असेल तर बाहेर जाऊन भांडा, इथे लेकरं आहेत’, ‘किल्ल्यात शिरताना पाय पुसा’ असली त्याची फर्मानं इंग्रजीत यायची आणि लोक त्यात तत्त्वज्ञान शोधायचे. दुपारी दोन ते चार खेळाडूंनी एकमेकांशी बोलायला बंदी होती. कारण काय, तर माणसं झोपतात. ब्राझीलमध्ये तेव्हा पहाट असे, पण तिथलेही बिचारे गप्प बसत. दर गुरुवारी सकाळी सर्व्हर बंद असायचा. मूळ कंपनीही आठवड्यातून एकदा देखभालीसाठी खेळ बंद ठेवते, त्यामुळे फुकटात केवढी ही शिस्त, असं लोकांना कौतुक वाटायचं.

अशा त्या जगात प्रज्वल होता ‘सरसेनापती’. शंभरावर लढवय्यांची फौज त्याच्या हाताखाली होती. मनिलातली एक नर्स होती, ब्राझीलमधला एक बस ड्रायव्हर होता, आणि असे कितीतरी. परदेशी जिभांना ते अख्खं नाव झेपेना, म्हणून त्यांनी त्यातला ‘सर’ तेवढा ठेवला. चाकणच्या कंपनीत प्रज्वल पार्ट तपासून त्यावर ‘ओके’चा शिक्का मारायचा आणि दिवसभर दुसऱ्यांना सर म्हणायचा. सुपरवायझर सर, स्टोअरवाले सर, कँटीनच्या कुपनवाल्यालासुद्धा सर. उलट त्याला सर म्हणणारी माणसं फक्त त्या फौजेत होती. शनिवारी संध्याकाळी सहाला किल्ल्याची मोठी लढाई होती. सेनापती हजर नसेल तर किल्ला जातो, असा नियम होता. किल्ला गेला की फौज फुटणार आणि फौज फुटली की प्रज्वल पुन्हा नुसता शिक्का मारणारा उरणार.

त्याने ज्योतीरामला फोन लावला. ज्योतीराम त्याच कंपनीत प्रेस शॉपला होता, मोशीला राहायचा आणि फौजेत उपसेनापती होता.

"काय केलंस भावा?" ज्योतीरामने विचारलं.

"काहीच नाही राव. काल रात्री त्या ब्लॅकवुल्फने आपल्या पोरांना झापलं ना, तेव्हा मी सगळ्यांसमोर जरा लिहिलं."

"काय लिहिलंस?"

"हेच की, ह्या म्हसोबाला घरात कुत्रं विचारत नसणार, म्हणून इथं बसून आपल्यावर डाफरतोय. घरचे शिळंपाकं वाढत असतील."

"अरे देवा! इंग्लिशमध्ये लिहिलंस?"

"येडा आहे का मी? मराठीत लिहिलं. रुमानियात कुणाला कळणार म्हणून बिनधास्त लिहिलं."

ज्योतीराम हळूच म्हणाला, "मग कळलं कसं?"

या प्रश्नाने प्रज्वल ताडकन उठून बसला. रुमानियातल्या दाढीवाल्याला म्हसोबा कसा कळला? तो विचार करतोय तोच पंखा थांबला. सोसायटीची पाण्याची मोटर आणि लिफ्ट एकदम चालू झाली की बिल्डिंगचा फ्यूज उडायचा, तसा तो उडाला होता. रस्त्यापलीकडची दुकानं झगमगत होती.

"सर्व्हर गेला रे," फोनवर ज्योतीराम म्हणाला.

"तुझ्याकडे लाईट आहे?"

"आहे की."

थोड्या वेळाने, चारच्या सुमारास, वायरमनने फ्यूज घातला आणि पंखा फिरू लागला. पाचेक मिनिटांत ज्योतीराम म्हणाला, "आला बघ सर्व्हर." प्रज्वल बोटं मोडून हिशोब करू लागला. गुरुवारी सकाळी सर्व्हर बंद, कारण गुरुवारी सकाळी वीजमंडळ त्यांच्या काळेवाडीची लाईट बंद ठेवतं. दुपारी दोन ते चार तर सगळी बिल्डिंगच घोरत असते.

"ज्योत्या," तो कुजबुजला, "ब्लॅकवुल्फ आमच्या बिल्डिंगमध्ये राहतो!"

"काय सांगतोस! मग जा, पाय धर त्याचे."

"पण कोण ते कसं शोधू? दारोदार जाऊन विचारू का, तुम्ही लांडगा आहात का म्हणून?"

आता, शहाण्या माणसाने इथे थांबून चहा घेतला असता. पण प्रज्वल तपासणी खात्यातला. लॉटमधला एक पार्ट खराब असेल तर एकेक उचलून बघायचा, ही त्याच्या हाडात मुरलेली रीत. ज्योतीरामला त्याने सांगितलं, "तू खेळात शिरून बस. मी एकेका घराची लाईट घालवतो. सर्व्हर गेला की बोल." आणि फोन कानाला लावून तो जिना उतरून मीटररूममध्ये शिरला.

पहिला खटका त्याने खाली ओढला. "चालू?" "चालू." खटका वर. दुसरा खाली. "चालू?" "चालू." काम झकास चाललं होतं. वर काय चाललंय याचा त्याला पत्ताच नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या स्नेहलची कॉम्प्युटरवर नोकरीची मुलाखत सुरू होती. "माझा सगळ्यात मोठा गुण म्हणजे..." एवढं बोलून ती साहेबांसमोरून अंतर्धान पावली. इंदुताईंचा चटणीचा मिक्सर थांबला. बिघडला की काय म्हणून त्यांनी झाकण काढून आत डोकावलं आणि नेमकी तेव्हाच लाईट आली. दौलतरावांच्या टीव्हीवर कबड्डीचा शेवटचा डाव चालू होता. चढाईपटू मध्यरेषेला हात लावणार इतक्यात पडदा काळा झाला आणि तो पोचला की नाही हे दौलतरावांना कळलंच नाही. जिन्यात आरडाओरडा सुरू झाला.

"आमची गेली!"

"आमची येऊन गेली!"

"अहो, तुमच्या तोंडाला हे काय लागलंय?"

"चटणी!"

प्रज्वलने तळमजल्यावरच्या घराचा खटका ओढला आणि फोनमधून ज्योतीराम किंचाळला, "गेला! भावा, गेला!"

"सापडला!" प्रज्वल आनंदाने ओरडला आणि मागे वळला. दारात बनियन आणि लेंग्यात नानासाहेब उभे होते.

नानासाहेब म्हणजे सोसायटीचे चेअरमन. बिल्डिंग त्यांच्याच वावरात उभी राहिली, बिल्डरने त्यांना तळमजला दिला, आणि तेव्हापासून चेअरमनपदही तळमजल्यावरच मुक्कामाला आहे. माणूस मनाने वाईट नाही, पण विजेच्या बाबतीत भयंकर चिकट. पाहुणा उठून उभा राहिला की हे पंखा बंद करतात. प्रज्वलचा हात अजून त्यांच्याच खटक्यावर होता.

"काय रं," नानासाहेब म्हणाले, "लाईट चोरतुयास व्हय माझी?"

"नाही काका, मी..."

"मंग हिथं काय देवदर्शनाला आला हुतास?"

एव्हाना सगळा जिना खाली उतरला होता. स्नेहल रडकुंडीला आली होती, इंदुताई तोंड पुसत होत्या, आणि कबड्डीचं काय झालं हे दौलतराव ज्याला त्याला विचारत होते. गर्दीच्या मागे करिष्माही येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांकडे बघायची प्रज्वलची हिंमत झाली नाही. खरं सांगावं, तर ड्रॅगन, रुमानिया आणि म्हसोबा या क्रमाने सांगावं लागलं असतं. वीजचोर म्हणून नाव झालं तर राहती खोली सोडावी लागली असती. तेव्हा जे तोंडात आलं ते तो बोलून गेला.

"काका, मी गळती शोधत होतो. करंटची गळती. एका घरातून करंट गळतोय."

नानासाहेबांचा चेहरा हळूहळू उजळला. "माझ्याच घरातून?" ते म्हणाले. "तरीच! दोन वरसं बोंबलतुया मी, बिल लई येतंय म्हनून! मंडळाचा साहेब म्हनतो, तुमीच जाळता. आरं, आमी तर अंधारात जेवतो! चल, चल आत, बग कुठनं गळतंय ते."

आणि खटका वर करून त्यांनी आपला टेस्टर प्रज्वलच्या हातात दिला. विजेतलं त्याला शष्प कळत नव्हतं. पण ब्लॅकवुल्फच्या गुहेत वाजतगाजत प्रवेश मिळत होता, तो कशाला सोडा! बाहेरच्या खोलीत टीव्ही आणि पंखा, स्वयंपाकघरात एक खडखडणारा जुनाट फ्रीज. टेस्टर टेकवत, मान हलवत तो आतल्या खोलीत पोचला आणि तिथेच थबकला. देवघराशेजारी, क्रोशाच्या झाकणाखाली, हळदी-कुंकू वाहिलेला एक भला मोठा कॉम्प्युटर घरघरत होता.

"ते व्हय? ते आमच्या शेखरचं," नानासाहेब म्हणाले. "कॅनडाला जाताना ठिवून गेला. त्याचे फोटू हायेत त्यात, म्हनं बंद करू नगा. त्येला कितीशी लाईट लागनार?"

नळ चालू राहिल्याचा आवाज आला तसे ते बाहेर पळाले. दारात चहाचा कप घेऊन सोजराबाई उभ्या होत्या. नानासाहेबांची बायको. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, घरात कधी मोठ्याने न बोलणारी बाई. त्यांनी कप खाली ठेवला आणि प्रज्वलकडे रोखून बघितलं.

"तूच का रं त्यो सरसेनापती? दुपारी वरनं बोंबलत हुतास, खातं बंद केलं म्हनून."

प्रज्वलने टेस्टर आधी कॉम्प्युटरकडे रोखला, मग त्यांच्याकडे. "काकू... तुम्ही? ब्लॅकवुल्फ?"

"शेखरनं ठिवलंय ते नाव. त्येला तिकडं सवड न्हाई. मला म्हनला, आई, चार पोरं खेळत्यात, त्यांच्याकडं ध्यान दे. मी फोनमदी मराठीत बोलती, त्यो फोन इंग्रजी करून टाकतो. दोन वरसं झाली, जगातली पोरं सांभाळती मी. कुणाची ओरडून बोलायची टाप न्हाई." मग त्यांचा आवाज उतरला. "आन तू मला चारचौघांत म्हसोबा म्हनलास. घरात कुत्रं इचारत न्हाई म्हनलास."

"चुकलं काकू. मला काय माहीत..."

"खरंच हाय रं ते. कोन इचारतंय? ह्यांना इचार, मी काल काय बोलली. सांगता यायचं न्हाई. तिथं शब्द टाकला की पाचशे मानसं ऐकत्यात." त्यांनी पदराने डोळ्याची कड टिपली. "म्हनून लागलं मला."

प्रज्वलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर म्हणून घेण्यासाठी तो जीव टाकत होता, आणि इथे ही बाई तेवढ्याचसाठी देवघराशेजारी लांडगा होऊन बसली होती. तो काही बोलणार तोच नानासाहेब परत आले. "काय, सापडलं का? ह्या मशीनमदी हाय का गळती? असंल तर आत्ता वायर उपटतो!"

आता सगळं त्याच्या एका शब्दावर होतं. हो म्हटलं तर त्याची थाप खरी ठरेल, वीजचोरीचा डाग पुसेल, आणि पाचशे माणसांचं जग एका झटक्यात विझेल. नाही म्हटलं तर गळती दाखवायची कुठे? सोजराबाईंची नजर सावकाश स्वयंपाकघराकडे वळली आणि त्या खडखडणाऱ्या फ्रीजवर जाऊन थांबली.

"काका," प्रज्वल गंभीरपणे म्हणाला, "फ्रीज! सगळी गळती फ्रीजमध्ये आहे."

"मी धा वरसं सांगतेय, नवा आना म्हनून," सोजराबाई पुटपुटल्या.

"तुला काय कळतंय त्यातलं? आता जानकार मानूस बोलला म्हनजे इषय संपला," नानासाहेब म्हणाले.

शुक्रवारी नवा फ्रीज आला आणि शुक्रवारीच प्रज्वलचं खातं उघडलं. पडद्यावर वाक्य आलं : ‘आत ये. हातपाय धू.’ प्रज्वलने खरंच हात जोडले. ज्योतीरामला फोन केला, फौजेला निरोप धाडला, शनिवारी लढाईचा बेत पक्का केला. करिष्मालासुद्धा तो म्हणाला, "बघ, निस्तरलं की नाही?"

शनिवारी पाच वाजता तो लॅपटॉप उघडून बसणार, एवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर इंदुताई, त्यांच्यामागे दौलतराव, आणि त्यांच्यामागे ए विंगमधला निम्मा जिना. नवा फ्रीज ज्याच्या सल्ल्याने आला त्या पोराचं नानासाहेबांनी दोन दिवस मंदिराच्या कट्ट्यावर कौतुक चालवलं होतं.

"आमचा गिझर बघता का जरा?"

"आमचं मीटर पळतंय नुसतं!"

"अहो, मला आत्ता जरा काम आहे," प्रज्वल काकुळतीला आला.

"असं कसं?" दौलतराव म्हणाले. "परवा माझी कबड्डी घालवलीत, तेव्हा मी काही बोललो का?"

नाही म्हणावं, तर परवाचा मीटररूमचा विषय पुन्हा निघणार. प्रज्वलने टेस्टर उचलला. इंदुताईंचा गिझर, दौलतरावांचा कूलर, कुणाची मोटर, कुणाची इस्त्री. सहा वाजले तेव्हा तो चौथ्या मजल्यावर एका स्टुलावर उभा राहून माळ्यावरचा जुना मिक्सर हुंगत होता. खिशातला फोन सारखा थरथरत होता. प्रत्येक थरथरीबरोबर त्याला किल्ल्याचा एकेक बुरूज ढासळताना दिसत होता. घरची मंडळी खाली उभी राहून त्याच्याकडे आशेने बघत होती, त्यामुळे फोन काढायचीही सोय नव्हती.

साडेसातला सुटका झाली तसा तो धापा टाकत घरी आला आणि लॅपटॉप उघडला. किल्ला शाबूत होता! बुरुजावर निशाण फडकत होतं, आणि फौजेतला एकूणएक शिपाई एकाच नावाचा जयजयकार करत होता. ते नाव ‘सोजरा’ होतं. सेनापती येईना हे बघून कुणीतरी नवीन बाई फौजेत शिरली, सगळ्यांना रांगेत उभं केलं, पुढे घुसणाऱ्यांना झापलं आणि मागे राहिलेल्यांना हाताला धरून आणलं. सेनापतीवाचून किल्ला जाणार म्हणून पोरांनी तिथल्या तिथे मतं टाकून तिला सेनापती केलं आणि अर्ध्या तासात लढाई जिंकली. मनिलाच्या नर्सने प्रज्वललाही आठवणीने निरोप ठेवला होता : ‘काळजी करू नका, माजी सर. मॅडम फार छान आहेत.’

प्रज्वल तडक तळमजल्यावर गेला. सोजराबाई मेथी निवडत बसल्या होत्या. शेजारी शेखरने पाठवलेला टॅब उभा होता.

"काकू, माझी फौज घेतलीत तुम्ही!"

"तू कुठं हुतास?"

"तुमच्यामुळंच लोकांचे गिझर बघत होतो!"

"मंग मी काय करायला पायजे हुतं? शंभर पोरं दारात ताटकळत ठिवायची व्हय?" त्यांनी एक काडी बाजूला टाकली. "एकजन म्हनला, आई असती तर अशीच असती. ब्राझीलमदला हाय. मला न्हाई म्हनवलं न्हाई रं." त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू होतं की प्रज्वलच्या ओठांवर आलेलं भांडण तिथंच विरलं.

"आणि मी?" त्याने बारीक आवाजात विचारलं.

"तुझं नाव ठिवलंय की. लाकडं आनायला मानूस पायजेच."

तेवढ्यात बाहेरून चपला वाजल्या आणि नानासाहेब आत आले. प्रज्वलला बघताच त्यांनी लगबगीने खुर्ची पुढे केली आणि, पाहुणा अजून उभा असतानाच, पंखा लावला.

"बरं झालं भेटलात, सुरवसे साहेब," ते म्हणाले. "बी विंगची मंडळी खाली रांग लावून उभी हायेत. म्हनत्यात, साहेबांनी एकदा नजर टाकली म्हनजे समाधान वाटंल."

प्रज्वल क्षणभर दचकून मागे बघू लागला, पण मागे भिंतच होती. आयुष्यात पहिल्यांदा एका खऱ्याखुऱ्या माणसाने त्याला साहेब म्हटलं होतं, आणि तेही अशा कामासाठी, ज्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याने सोजराबाईंकडे बघितलं. त्या टॅबमध्ये तोंड घालून कुणाला तरी पाय पुसायला सांगत होत्या.

"चला," प्रज्वल घसा खाकरून म्हणाला. "पण आधी सगळ्यांना आपापले फ्रीज उघडून ठेवायला सांगा."